जन्मवर्षाची वही: मुलींच्या युवा बास्केटबॉल स्पर्धांचा मागोवा कसा घ्यावा

जुलै २०१९ मध्ये बँकॉक येथे झालेल्या फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या १९ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात अमेरिकेने अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला जादा वेळेत ७४-७० असे हरवले. त्या विजेत्या संघातील राइन हॉवर्ड, आलिया बोस्टन, केटलिन क्लार्क आणि पेज ब्युकर्स या चौघी पुढे २०२२ ते २०२५ या सलग चार वर्षांच्या डब्ल्यूएनबीए (अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, याच क्रमाने पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेल्या. ब्युकर्स त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. क्लार्क मात्र राखीव खेळाडूंतून थोड्या मिनिटांसाठी मैदानात उतरत होती आणि केवळ गुणांचा तक्ता पाहणाऱ्याच्या लक्षात ती राहिली नसती. दोन वर्षांनी हंगेरीतील डेब्रेत्सेन येथे त्याच वयोगटाच्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा मान क्लार्कला मिळाला.

मुंबईत राहून या स्पर्धांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या वाचकाने सुरुवात येथूनच करावी, असे माझे मत आहे. एका स्पर्धेतील गाजलेल्या नावांमागे धावू नये. एक जन्मवर्ष निवडावे आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुलींची तुकडी चार-पाच वर्षे सातत्याने पाहावी. त्यासाठी एक साधी वही पुरेशी असते. प्रत्येक खेळाडूला एक पान द्यावे आणि पानाच्या माथ्यावर नावाच्याही आधी जन्मतारीख लिहावी.

जन्मतारखेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी स्पर्धांचे चक्र नीट लक्षात घेतले पाहिजे. फिबाच्या युवा स्पर्धांमध्ये वय कॅलेंडर वर्षावर ठरते. म्हणजे २०२६ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगीच खेळू शकते. हा विश्वचषक सम वर्षी आणि १९ वर्षांखालील विश्वचषक विषम वर्षी होतो. आशियात १६ वर्षांखालील स्पर्धेतून पहिले चार संघ १७ वर्षांखालील विश्वचषकात जातात, तर १८ वर्षांखालील स्पर्धेतून पहिले चार संघ १९ वर्षांखालील विश्वचषकात जातात. युरोपात १६, १८ आणि २० वर्षांखालील स्पर्धा दर उन्हाळ्यात भरतात, त्यामुळे तेथील मुलींची नोंद सर्वाधिक सलग मिळते. २०२१ मध्ये महासाथीमुळे आशियातील वेळापत्रक विस्कटले होते आणि पुढे ढकललेल्या स्पर्धा २०२२ मध्ये झाल्या; जुन्या नोंदी पाहताना ही बाब ध्यानात असावी.

या चक्राचा एक परिणाम बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. १७ वर्षांखालील विश्वचषकात पूर्ण वयाच्या मुली नेहमी विषम वर्षी जन्मलेल्या असतात आणि १९ वर्षांखालील विश्वचषकात पूर्ण वयाच्या मुली नेहमी सम वर्षी जन्मलेल्या असतात. २००९ साली जन्मलेली मुलगी २०२६ मध्ये आपल्या गटातील सर्वांत मोठ्यांपैकी असेल, पण २०२७ मध्ये तिला स्वतःहून एक वर्षाने मोठ्या मुलींशी खेळावे लागेल. २००८ साली जन्मलेल्या मुलीचे नेमके उलटे होते. २०२४ मध्ये ती १६ वर्षांची असताना १७ वर्षांच्या मुलींसमोर उभी राहिली असेल, किंवा संघातच निवडली गेली नसेल. तिचे खरे माप २०२७ मध्ये दिसेल. म्हणून सम वर्षी जन्मलेल्या एखाद्या मुलीने १७ वर्षांखालील स्पर्धेत सरासरी आठ गुण केले, तरी तिच्या पानावर खूण करून ठेवावी. त्या आठ गुणांचे मोल तिच्याच संघातील पूर्ण वयाच्या मुलीच्या बारा गुणांइतके असू शकते.

याचे ठळक उदाहरण स्पेनच्या इयाना मार्तिनचे आहे. २००६ साली जन्मलेली ही गार्ड (चेंडू पुढे नेऊन डाव रचणारी खेळाडू) २०२३ च्या माद्रिद येथील १९ वर्षांखालील विश्वचषकात खेळली, तेव्हा तिच्यापुढे २००४ साली जन्मलेल्या मुली होत्या. अंतिम सामना स्पेनने अमेरिकेविरुद्ध ६६-६९ असा गमावला, तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड मार्तिनची झाली. दोन जन्मवर्षांचे अंतर कापून मिळवलेला असा मान वहीत लाल शाईने लिहिण्याजोगा असतो.

सामने पाहण्याची सोय फारशी अवघड नाही. फिबाच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्पर्धेचे वेळापत्रक, संघांची यादी आणि सामन्यांचे तपशीलवार तक्ते असतात, आणि अनेक युवा सामने फिबाच्या यूट्यूब वाहिनीवर पाहता येतात. वेळेचे गणित आधी मांडून ठेवावे. मध्य युरोपात उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे वेळ असते, त्यामुळे तेथील संध्याकाळी सहाचा सामना मुंबईत रात्री साडेनऊला सुरू होतो आणि जेवण उरकून निवांत पाहता येतो. २०२४ चा १७ वर्षांखालील विश्वचषक मेक्सिकोत झाला. तेथील रात्री आठचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, म्हणजे नेमका लोकल पकडण्याच्या वेळी सुरू होत असे. अशा वेळी निकाल न पाहता संध्याकाळी पूर्ण सामना पाहणे मी योग्य मानतो, कारण निकाल माहीत असला की नजर आपोआप विजयी संघाकडे झुकते आणि पराभूत संघातील चांगली मुलगी दुर्लक्षित राहते.

कोणते सामने पाहावेत, याचा निर्णय तितकाच विचारपूर्वक घ्यावा. विश्वचषकात १६ संघ असतात, चार-चारांचे चार गट पडतात आणि गटसाखळीनंतर सर्व संघ उपउपांत्यपूर्व फेरीत जातात. तेथे हरलेले संघही नवव्या ते सोळाव्या स्थानासाठी खेळत राहतात. या खालच्या स्थानांच्या सामन्यांकडे प्रेक्षक पाठ फिरवतात, परंतु आपल्या कामासाठी त्यांचे महत्त्व फार आहे. तेथे दोन्ही संघ साधारण समान बळाचे असतात, मुख्य खेळाडू तीस-पस्तीस मिनिटे मैदानात राहते आणि शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हे प्रशिक्षकाला ठरवावेच लागते. याउलट एखादा बलाढ्य संघ साठ गुणांनी जिंकतो, तेव्हा त्या सामन्यातील आकडे जवळजवळ निरुपयोगी असतात. वीसपेक्षा अधिक गुणांच्या फरकाने संपलेल्या सामन्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी आणि सरासरी काढताना ती बाजूला ठेवावी.

अमेरिकेचे सामने पाहिले की पुरे, ही समजूतही सोडून द्यावी. २०१६ मध्ये सारागोसा येथे १७ वर्षांखालील विश्वचषक ऑस्ट्रेलियाने जिंकला आणि त्यांची एझी मॅगबेगोर सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१७ मध्ये इटलीतील उदिने येथे १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रशियाने अमेरिकेला हरवले. २०२१ मध्ये मालीच्या मुली १९ वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या. ज्या संघाची माहिती वर्तमानपत्रांत येत नाही, त्याच्यासाठी वहीत दोन पाने अधिक राखून ठेवावीत.

आता तक्त्याविषयी. फिबाच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात कार्यक्षमतेचा एक आकडा असतो: गुण, रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेला चेंडू), असिस्ट (बास्केट घडवणारा पास), स्टील (हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेला फटका) यांच्या बेरजेतून चुकलेले फटके, चुकलेले फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) आणि टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) वजा केले की तो मिळतो. हा आकडा सोयीचा असला तरी बास्केटजवळ उभ्या राहणाऱ्या उंच सेंटरला तो झुकते माप देतो आणि चेंडू वाहून नेणाऱ्या गार्डवर अन्याय करतो. त्यामुळे सर्वप्रथम मिनिटे पाहावीत. प्रशिक्षकाचा विश्वास तेथे दिसतो. त्यानंतर फ्री थ्रोंची संख्या आणि अचूकता पाहावी. थ्री-पॉइंटरची (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांची) सात सामन्यांतील टक्केवारी फारच थोड्या प्रयत्नांवर आधारलेली असते आणि एखाद्या चांगल्या दिवसाने ती फुगते. फ्री थ्रोची अचूकता मात्र पुढे बाहेरून फटका जमेल की नाही, याचा अधिक भरवशाचा अंदाज देते. फटक्यांची तुलना करताना तीन गुणांच्या बास्केटला दीडपट वजन द्यावे. बारापैकी पाच फटके यशस्वी झाले आणि त्यांतील तीन थ्री-पॉइंटर असतील, तर हे मोजमाप सुमारे ५४ टक्के येते. बारापैकी सहा साधे फटके मारणारी मुलगी ५० टक्क्यांवरच राहते. गार्डच्या बाबतीत असिस्ट आणि टर्नओव्हर शेजारी-शेजारी लिहावेत, आणि टर्नओव्हर अधिक दिसले म्हणून लगेच नापसंती नोंदवू नये, कारण कमकुवत संघात सारा दबाव झेलणारी एकटी मुलगी चेंडू गमावणारच.

तक्त्यात जे उतरत नाही, त्यासाठी एकाच खेळाडूवर नजर ठेवून निदान एक पूर्ण क्वार्टर, म्हणजे दहा मिनिटे, पाहावे. चेंडू तिच्याकडे नसताना ती काय करते, हे पाहणे मला सर्वांत उद्बोधक वाटते. सहकारिणीसाठी स्क्रीन लावताना, म्हणजे तिच्या प्रतिस्पर्ध्याची वाट अंगाने अडवताना, ती पाय स्थिर ठेवते का, चेंडू हवेत असतानाच आपल्या प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून रिबाउंडची जागा मिळवते का, नेमबाजाकडे धावत जाताना शेवटच्या दोन पावलांत वेग आवरते का, डाव्या हाताने पास देण्याची वेळ आली की चेंडू उजवीकडे घेण्यासाठी थांबते का, या गोष्टी सोळाव्या वर्षी दिसल्या की त्या बहुधा टिकतात. उंचीबाबत एक गोष्ट मुलींच्या खेळाला विशेष लागू होते: मुलींची वाढ मुलांपेक्षा आधी पूर्ण होत असल्याने सोळाव्या वर्षाची उंची बरीचशी अखेरची मानता येते. त्याचमुळे केवळ उंचीच्या जोरावर पंधराव्या वर्षी गुण मिळवणाऱ्या मुलीचे पायाचे काम आणि हातांची पकड अधिक कठोरपणे तपासावी. पुढे इतर मुली तिच्या उंचीला आल्या की तेवढेच भांडवल तिच्याकडे उरते.

पडद्यावर खेळाचा वेग आणि अंगावर येणारा धक्का कमी भासतो, म्हणून नजरेला प्रत्यक्ष मैदानाची सवय हवी. मुंबईत ती लावून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. नागपाड्यात बास्केटबॉलची जुनी परंपरा आहे, माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यात स्पर्धा भरतात आणि शालेय हंगामात आंतरशालेय सामन्यांत मुलींचे संघ उतरतात. रेल्वेच्या महिला संघाचा सामना पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये. भारतातील महिला बास्केटबॉलवर रेल्वेने दीर्घकाळ वर्चस्व राखले आहे आणि प्रौढ खेळाडूंचा जोर पाहिल्यावर सतरा वर्षांच्या मुलीला अजून किती बळ कमवायचे आहे, याचा अंदाज येतो.

भारतीय संघाचे पान वहीत असलेच पाहिजे, आणि ते वाचताना विभागांची रचना ठाऊक हवी. आशियाई स्पर्धा अ आणि ब अशा दोन विभागांत होते. ब विभागाच्या विजेत्याला पुढच्या वेळी अ विभागात स्थान मिळते, जेथे चीन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असतात. २०१७ मध्ये बेंगळुरू येथे भारताच्या १६ वर्षांखालील मुलींनी ब विभागाचे विजेतेपद मिळवले. अ विभागात गेल्यावर मोठ्या फरकाचे पराभव वाट्याला येतात आणि ते पाहून मन खट्टू होते, हे मला मान्य आहे. परंतु त्याच पराभवांत जपानच्या संपूर्ण मैदानावरील दबावासमोर चेंडू सुखरूप पलीकडे नेणारी भारतीय गार्ड दिसली, तर ब विभागातील पंचवीस गुणांपेक्षा ती नोंद मोलाची समजावी. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचे कर्णधारपद भूषवले आहे. तेव्हा राज्याच्या युवा आणि ज्युनिअर संघांतील मुलींची नावेही याच वहीत आली, तर ती अस्थानी ठरणार नाहीत.

स्पर्धा संपल्यावर खरी चिकाटी लागते. अमेरिकेच्या आणि बऱ्याचशा ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन मुली अमेरिकेतील महाविद्यालयीन एनसीएए स्पर्धेत जातात, जिचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल चालतो. स्पेन, फ्रान्स येथील मुली सतराव्या-अठराव्या वर्षीच व्यावसायिक क्लबमध्ये प्रौढांबरोबर खेळू लागतात. फ्रान्सची दोमिनिक मालोंगा २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सिअ‍ॅटल स्टॉर्मकडून दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्या ड्राफ्टच्या नियमानुसार परदेशी खेळाडू वयाची वीस वर्षे पूर्ण होणाऱ्या वर्षी पात्र ठरत होती, तर महाविद्यालयात शिकणाऱ्या अमेरिकन मुलीला सहसा बाविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागत होते. या दोन मार्गांतील मुलींची तुलना करताना आकड्यांशेजारी समोर कोण खेळत होते, हे लिहावे. युरोलीगमधील (युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेतील) सहा मिनिटे आणि महाविद्यालयातील तीस मिनिटे एका मापाने मोजता येत नाहीत.

दुखापतींसाठी समासात जागा सोडावी. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक असते. ब्युकर्सला २०२२ मध्ये ही दुखापत झाली आणि तिचा संपूर्ण हंगाम गेला. २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू जुजू वॉटकिन्सला मार्च २०२५ मध्ये हीच दुखापत झाली. एखादे नाव यादीतून अचानक गायब झाले, तर पान फाडू नये. तारीख टाकून एक वर्षानंतर पुन्हा पाहावे.

शेवटची सूचना मी आग्रहाने करतो, कारण ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांतील बहुतेकजणी अजून अल्पवयीन आहेत. नोंदी मैदानावरील खेळापुरत्याच ठेवाव्यात. त्यांच्या खासगी समाजमाध्यम खात्यांवर जाऊ नये, त्यांना संदेश पाठवू नयेत, त्यांच्या शरीराविषयी किंवा कुटुंबाविषयी तर्क मांडू नयेत, आणि सार्वजनिक ठिकाणी मत नोंदवताना पंधरा वर्षांची ती मुलगी किंवा तिचे आईवडील हे वाचतील, असे गृहीत धरून शब्द निवडावेत. स्थानिक सामन्यात एखाद्या मुलीचे चित्रण करायचे असेल, तर आधी तिच्या प्रशिक्षकांची आणि पालकांची परवानगी घ्यावी. ती मिळाली नाही, तर वही आणि पेन घेऊन प्रेक्षकांत बसावे.