जुन्या ट्रकचे एअर ब्रेक सुधारताय? या चुका टाळा

जुना अवजड ट्रक पुन्हा रस्त्यावर आणणारी माणसं इंजिन निगुतीनं बांधतात, केबिनचा रंग जुन्या छटेशी जुळवतात. ब्रेकची पाळी आली की मात्र थेट कॅटलॉग उघडतात. मोठे चेंबर (हवेच्या दाबानं ब्रेक ढकलणारे डबे), ऑटो स्लॅक (ब्रेकची ढिलाई आपोआप काढणारी दांडी), एअर ड्रायर (हवेतलं पाणी काढणारा), दुहेरी सर्किटचा, म्हणजे हवेच्या दोन वेगळ्या वाटांचा, फूट व्हॉल्व्ह. जुनं काढलं, नवं बसवलं, झालं! ड्रमच्या आत कुणी डोकावलेलंच नसतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भानगडींचं मूळ तिथंच सापडतं.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे झिजलेल्या एस-कॅमवर (ड्रमला आतून घासणारे शू फाकवणारा, एस आकाराच्या टोकाचा दांडा) नवेकोरे ऑटो स्लॅक अॅडजस्टर चढवणं. असाच एक ट्रक आला होता. मालकाचं म्हणणं, स्लॅकच खराब निघाले, सारखे पान्यानं आवळावे लागतात. दुकानदाराशी भांडून त्यानं एक जोड बदलूनही आणला होता. दुसऱ्या जोडानंही तेच केलं. मी खाली शिरून कॅमचा शाफ्ट हातानं वरखाली केला, तर तो खडखड वाजला. बुश अंडाकृती झाले होते आणि क्लेव्हिस पिनची (पुशरॉड स्लॅकला जोडणारी खीळ) भोकं लांबट. चेंबरमधून येऊन स्लॅकला ढकलणाऱ्या पुशरॉडचा अर्धा प्रवास ही ढिलाई भरून काढण्यातच संपत होता, शूपर्यंत काय पोचणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बुश, पिना, रोलर आणि रिटर्न स्प्रिंगा बदलल्यावर त्याच 'खराब' स्लॅकनी मुकाट्यानं काम केलं.

ऑटो स्लॅक पुन्हा पुन्हा हातानं आवळावा लागतोय, तर बिघाड बहुधा दुसरीकडे आहे. आणि आवळून तो झाकला जातो, हे जास्त वाईट. बसवताना एकदा लायनिंग (शूवरचं अस्तर) ड्रमला टेकेपर्यंत आवळायचा, मग अर्धा फेरा मागे घ्यायचा. त्यानंतर त्याला पाना लावायचं कारण पडू नये.

पेडलवर भरवसा ठेवणारेही यातच सापडतात. हायड्रॉलिक ब्रेक ढिले झाले की पेडल खाली जातं, पायाला कळतं. एअर ब्रेकमध्ये पेडल फक्त हवेचा व्हॉल्व्ह उघडतं. स्लॅक कितीही ढिला असो, पायाला फरक जाणवत नाही. टाइप 30 च्या (आकडा आतल्या पडद्याच्या क्षेत्रफळाचा, चौरस इंचांत) साध्या चेंबरचा पूर्ण स्ट्रोक, म्हणजे पुशरॉडची सरक, अडीच इंच असतो आणि दोन इंचांवर पुशरॉड गेला की तो मर्यादेबाहेर धरायचा. सपाट रस्त्यावर, गार ड्रमवर सव्वादोन इंचसुद्धा चालून जातं. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, उरलेला पाव इंच तोच खातो आणि चेंबर तळाला टेकतो. त्यापुढे कितीही पाय दाबा, शूवरचा जोर वाढत नाही.

म्हणून माझी खडूची सवय. चाकांना ठोकळे, टाकीत 90 ते 100 पीएसआय (दाबाचं माप) हवा, इंजिन बंद, स्प्रिंग ब्रेक (हवा नसताना स्प्रिंगनं लागणारा हँडब्रेक) सोडलेले. पुशरॉड चेंबरमधून बाहेर येतो तिथं खूण करायची, एकाला पेडल पूर्ण दाबून धरायला लावायचं आणि खूण किती सरकली ते मोजायचं. प्रत्येक चाकावर. 'दोन चाकं बघितली, बाकीची तशीच असणार' म्हणणाऱ्या पोरांना मी पुन्हा खाली पाठवतो.

आता मोठ्या चेंबरचा सोस. टाइप 24 काढून 30 लावला की तेवढ्याच हवेत पुशरॉडचा जोर पाव पटीनं वाढतो. तो जोर स्लॅक, कॅम आणि ब्रॅकेट सोसणार, आणि ते सगळं जुनंच. नाकापेक्षा मोती जड. शिवाय हे फक्त मागच्या अॅक्सलवर केलंत तर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होणार. साधा आणि लाँग-स्ट्रोक (जास्त सरकेचा) चेंबर एकाच अॅक्सलवर कधीच नको.

स्प्रिंग ब्रेक चेंबर उघडू नका. ताकीद एवढीच. आत दाबून बसवलेली स्प्रिंग माणूस मारू शकते. केजिंग बोल्टनं ती आवळून सर्व्हिस (पायाच्या ब्रेकच्या) बाजूचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, बदलता येतो, पण स्प्रिंगच्या बाजूच्या क्लॅम्पला हात लावायचा नाही. ती बाजू बिघडली की अख्खा चेंबर बदलायचा. 'व्हिडिओत बघितलंय' म्हणणाऱ्याला मी पाना देत नाही. हँडब्रेक लावलेला असताना पेडलही दाबलं, तर दोन्ही जोर एकाच कॅमवर पडतात. ते टाळायला अँटी-कंपाउंडिंगची जोडणी लागते, आणि घाईत हीच नळी राहते.

चेंबर वाढवले तर टाक्याही मोजा. सगळ्या सर्व्हिस चेंबरच्या एकूण आकारमानाच्या बारा पट टाक्या, हा जुना आणि चांगला हिशेब आहे. मग तेवढी हवा जुना कॉम्प्रेसर वेळेत भरतो का, ते घड्याळ लावून बघा. 85 वरून 100 पीएसआयला 45 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ड्रायरवर पैसे घालण्याआधी कॉम्प्रेसर उघडा.

दुहेरी सर्किट केलंय म्हणता? मग कॉम्प्रेसरची हवा आधी जिथं येते ती पहिली, ओली टाकी पूर्ण रिकामी करा. बाकी दोन्ही टाक्यांचे काटे जागेवर राहिले पाहिजेत. एखादा खाली आला तर हवा मागे जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह उलटा बसलाय किंवा बसवलाच नाही, आणि तुमचं दुहेरी सर्किट फक्त कागदावर आहे.

फिटिंगला टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नायलॉनची नळी करवतीनं नाही, कटरनं काटकोनात कापा. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या झोतानं उडवू नका. ओली करून पुसा. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेला ड्रम भंगारात.

शेवटी चाचणी. आवारात दोनदा ब्रेक मारून चाकं जाम झाली म्हणून टाळ्या पिटणारे बरेच बघितले. नवं लायनिंग आधी हलक्या ब्रेकवर बसू द्या, मग थोडं चालवून येऊन प्रत्येक ड्रमचं तापमान तापमापकानं टिपा. एकाच अॅक्सलवर एक ड्रम गार आणि दुसरा भाजका असेल, तर गार चाक काम करत नाही किंवा गरम चाक घासतंय. दोन्ही बाजू उघडायच्या, आणि बंद करण्याआधी खडूनं स्ट्रोक पुन्हा मोजायचा.