लेकराला घेऊन दुसऱ्या गावी जायचंय? आधी भेटीचं पक्कं करा

नवराबायको वेगळे झालेत, लेकरू एकाकडं राहतं, दुसरा दर रविवारी भेटतो, आणि आता पुण्यात नोकरी लागली म्हणून लातूर सोडायचंय. मी यातून गेलेय म्हणून सांगते, सामान बांधायच्या आधी समोरच्याला सांगा. शेजाऱ्याकडून नाहीतर लेकराच्या तोंडून कळलं की भांडण पेटतं आणि लेकरू लई पिचतं त्यात.

कोर्टाची ऑर्डर असेल तर काढून नीट वाचा, बाहेरगावी न्यायला परवानगी लागते का, भेटीचा वार आणि जागा काय लिहिलीय. ती भेट नव्या गावावरून जमणार नसेल तर बदलासाठी कोर्टात अर्ज द्यायचा, दोघं राजी असाल तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी काय ठरवलं ते लिहून सह्या केलेला कागद, सोबत लावायच्या, काम हलकं होतं. फोनवर हो म्हणले होते याला उद्या काही किंमत राहत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

खरा वेळ द्यायचा तो कागदावर काय लिहायचं याला. लातूर पुणे ३०० किलोमीटरच्या वर, दर रविवार होणारच नाही, मग महिन्यातून एक अख्खा शनिवार रविवार आणि दिवाळी उन्हाळ्यात जास्त दिवस, आणि मला वाटतं मागं राहिलेल्याला थोडं झुकतं मापच द्यावं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा आपला शेतातला सण, विसरू नका, पुण्यात शाळेला त्या दिवशी सुट्टी नसते, पण शेतात सगळ्यांसोबत बसून आजीच्या हातची भज्जी आंबील खाणं लेकराचा हक्क आहे, म्हणून तो दिवस नावानिशी लिहा. ने-आण कोण करणार आणि तिकीट कोणाचं तेही लिहा, आम्ही टेंभुर्णीला स्टँडवर भेटायचो, साधारण मधोमध पडतं.

मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. सुप्रीम कोर्टानं २०२० च्या एका निकालात सांगितलंय की ताबा नसलेल्या पालकाला लेकराशी जमेल तेवढं बोलता आलं पाहिजे. वेळ ठरवा, जेवणानंतरची बरी, आणि बोलताना शेजारी बसून कान देऊ नका.

नव्या शाळेत दोघांचेही नंबर द्या. ताप नाहीतर परीक्षेमुळं भेट चुकली तर ती किती दिवसांत भरून द्यायची हे पण त्याच कागदात घाला, आमच्यात हेच राहिलं होतं आणि सगळ्यात जास्त वाद त्याच्यावरूनच झाले.