छोट्या संग्रहालयात रुजू होताना: सुटलेल्या चिठ्ठ्यांचा अनुभव

लहान प्रादेशिक संग्रहालयात सहायक अभिरक्षक म्हणून रुजू होणाऱ्याला पदनामावरून कामाचा अंदाज येत नाही. मोठ्या संस्थेत नोंदणी, संवर्धन, मांडणी आणि शिक्षण यांसाठी स्वतंत्र माणसे असतात. येथे ही सारी कामे चार-पाच जणांत वाटलेली असतात आणि लिपिक रजेवर गेला की तिकीटखिडकीवरही आपणच बसतो. कापड आणि कागद यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये, सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांपुढे टिकून राहिली की बुरशी धरते, हे आपण अभ्यासक्रमात शिकलेले असता. वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट कशी होते, हे मात्र मला प्रत्यक्ष चूक होईपर्यंत कळले नव्हते.

कॅनेडियन कन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने संग्रहाच्या हानीची दहा कारणे मांडली आहेत. आग, पाणी, चोरी, कीड यांच्याच यादीत ही ताटातूटही आहे. परीक्षेसाठी मी ती यादी पाठ केली होती. वस्तूला ओरखडाही न पडता तिचे मोल कसे नाहीसे होऊ शकते, याचा विचार मात्र तेव्हा केला नव्हता.

रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात साठवण कक्षातील लाकडी खणांमधल्या वस्तू पोलादी कपाटांत हलवण्याचे काम माझ्याकडे आले. निर्णय योग्यच होता, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शिशाच्या वस्तूंवर पांढरी पूड धरू लागली होती. पाहणी आठवड्यावर आली होती आणि वरिष्ठांचे म्हणणे होते की आधी हलवा, नोंदी नंतर पाहू. एका खणात ४३ वस्तू होत्या: मातीच्या मूर्तींचे तुकडे, मणी, काही शिक्के. प्रत्येकीखाली जुन्या हस्ताक्षरातील एक पिवळी चिठ्ठी होती. वस्तू नव्या कप्प्यांत नीट बसाव्यात म्हणून मी चिठ्ठ्या काढून एका लिफाफ्यात ठेवल्या आणि संध्याकाळी पुन्हा लावू असे ठरवले. ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे संग्रहात दाखल झालेल्या वस्तूंची नोंदवही, आहे, मग चिठ्ठीवाचून काय अडणार, असा माझा समज होता. दोन दिवसांनी रजिस्टर उघडले तेव्हा त्यात एकच ओळ आढळली: "मृण्मय व इतर वस्तू, नग ४३". कोणती वस्तू कोणत्या ठिकाणी, किती खोलीवर आणि कशाशेजारी सापडली, ते सारे केवळ चिठ्ठ्यांवर होते. चिठ्ठ्या माझ्याजवळ होत्या, वस्तूही होत्या. कोणती चिठ्ठी कोणाची, हे सांगणारे उरले नव्हते. मातीच्या तुकड्याचे वर्णन दहा तुकड्यांना लागू पडते. मण्यांचे तर विचारूच नका.

म्हणून स्पष्टच सांगतो: वस्तू आणि तिची चिठ्ठी पाच मिनिटांसाठीही वेगळी करू नका. हलवायची असेल तर आधी चिठ्ठीसह छायाचित्र घ्या, मग दोन्ही एकाच तबकात ठेवा, एका वेळी एकच तबक हलवा आणि नवी जागा नोंदवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. वस्तूवर क्रमांक घालताना पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर द्या, तो वाळल्यावर शाईने क्रमांक लिहा आणि वर पुन्हा एक थर द्या, म्हणजे पुढे गरज पडल्यास तो ॲसिटोनने काढता येईल. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती फीत शिवा; कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. नाण्यावर काहीही लिहू नका. त्याचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदवून ठेवा. नव्या क्रमांकासाठी जुना क्रमांक कधीही पुसू नका. तो निरर्थक वाटला तरी एखाद्या जुन्या यादीशी जोडणारा तेवढाच दुवा असू शकतो.

रजिस्टर पडताळण्याआधी सारे संगणकावर चढवण्याची घाई मला मुळीच पटत नाही. चुकीची नोंद तेथे नीटनेटकी दिसू लागते आणि मग तिच्यावर कोणी शंका घेत नाही. मार्गदर्शकांविषयीही माझे मत ठाम झाले आहे. पदव्यांकडे पाहून गुरू निवडण्याआधी, सर्वांत जास्त वर्षे किल्ल्या सांभाळलेल्या परिचरांशी बोला. आमच्याकडच्या परिचरकाकांनी वीस वर्षे तोच खण पुसला होता. कोणता मणी डाव्या कोपऱ्यात असे आणि कोणत्या मूर्तीचा कान त्यांच्यासमोर तुटला, हे त्यांना आठवत होते. त्यांची आठवण, एक जुने छायाचित्र आणि चिठ्ठ्यांवरील मोजमापे जुळवत आम्ही ११ महिन्यांत २९ वस्तूंची ओळख पुन्हा पटवली. ते त्याच वर्षी निवृत्त झाले. मी त्यांना रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच हे विचारले असते तर!

तुमच्या हातूनही काही सुटेल, तेव्हा घाबरून जाऊ नका. त्याच दिवशी सांगितलेली चूक बहुतेकदा सावरता येते, कारण तेव्हा तबकांचा क्रम आणि माणसांच्या आठवणी ताज्या असतात. मी लाजेपोटी सहा आठवडे गप्प राहिलो आणि तेवढ्यात रिकामे खणही मोडीत निघाले, ज्यांच्या तळावर वस्तूंचे ठसे उमटलेले होते.

नोंद दुरुस्त करताना पांढरा रंग लावू नका. मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ ओढा, शेजारी नवी नोंद करा आणि आद्याक्षरे व तारीख घाला. निश्चिती नसेल तर तर्काने जोडी लावून टाकू नका. आमच्या उरलेल्या १४ वस्तूंसमोर "मूळ चिठ्ठीशी संबंध तुटला, स्थलांतराच्या वेळी" असे माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे, आणि १४ चिठ्ठ्या त्याच कप्प्यात, आम्लरहित लिफाफ्यात ठेवलेल्या आहेत.