जुना गार्डन ट्रॅक्टर: इंजिनाआधी पत्रा बघा

अमेरिकेत राहता आणि साठच्या दशकातला एखादा कब कॅडेट किंवा १९६३ मध्ये आलेला जॉन डिअर ११० असा घरच्या बागेत गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय? मग इंजिन बंद आहे एवढ्यावरून मागे फिरू नका. यांच्यावरची कोहलरची के मालिकेतली इंजिनं बिडाची असतात. सिलिंडर झिजला तरी तो बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, मोठा पिस्टन बसवता येतो आणि सुटे भाग आजही मिळतात.

खरा जीव जातो तो पत्र्यात. हूड, ग्रिल, फेंडर गंजून गेले असतील तर तसेच दुसरे शोधणं फार जिकिरीचं. म्हणून आधी ते तपासा, मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने फिरतंय का बघा. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजवर मात्र विसंबू नका. यातल्या अनेक इंजिनांत सुरू करताना दाब सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे धडधाकट इंजिनही कमी आकडा दाखवतं. लीक-डाउन टेस्टच करून घ्या, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते बघा. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

गवत कापायचा डेक (खाली बसणारा पात्यांचा भाग) सोबत आहे ना, तेही विचारा. नसेल तर मी तरी भाव बराच खाली आणल्याशिवाय व्यवहार करणार नाही.