गृहप्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातील ऊर्जेचा भाग कसा तपासावा

मुंबईत एखाद्या जुन्या वसाहतीच्या जागी तीस-चाळीस मजली इमारती उभ्या राहणार असतील आणि एकूण बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मात्र इमारत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे भावी रहिवाशाला किंवा शेजारच्या सोसायटीला काही म्हणायचे असेल, तर कागद वाचून लेखी म्हणणे मांडणे हाच मार्ग उरतो. सांडपाणी आणि झाडे यांवर अशी निवेदने बरीच लिहिली जातात, ऊर्जेवर क्वचितच. पुढील मार्गदर्शन ही उणीव लक्षात घेऊन केले आहे.

प्रथम केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून प्रस्तावाची कागदपत्रे उतरवून घ्यावीत. संकल्पना आराखडा, पर्यावरण व्यवस्थापन योजना आणि विजेच्या भाराचा तक्ता हे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. अधिसूचनेतील नमुना १-अ मध्ये ऊर्जा संवर्धनाचा स्वतंत्र विभाग असून प्रति चौरस फूट वीजवापर किती गृहीत धरला, काच कोणत्या गुणधर्माची, भिंती आणि छत यांची उष्णतारोधकता किती, असे नेमके प्रश्न त्यात विचारलेले आहेत. या प्रश्नांना ‘एलईडी दिवे व ऊर्जाक्षम पंप वापरले जातील’ एवढेच उत्तर दिलेले आढळले, तर पहिली हरकत तिथेच नोंदवावी.

भाराच्या तक्त्यात जोडभार (सर्व उपकरणांचा मिळून भार) आणि कमाल मागणी (एका वेळी लागणारा सर्वाधिक भार) किलोवॉटमध्ये दिलेली असते, पण पर्यावरणाच्या दृष्टीने वर्षाला किती युनिट वीज लागणार हा आकडा महत्त्वाचा आहे आणि तो पुष्कळदा नसतोच. तो मागावा. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील हवा फुंकणारी यंत्रे, पाणी वर चढवणारे पंप, वाहनतळातील पंखे आणि विद्युत वाहनांचे चार्जिंग यांचा त्यात समावेश आहे का, हेही पाहावे, कारण यांची माहिती अहवालाच्या वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली असते आणि बेरजेतून सहज निसटते.

त्यानंतर बचतीची टक्केवारी तपासावी. अमुक टक्के बचत हा दावा कशाच्या तुलनेत केला आहे, हे शोधल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. आज कोणीही बसवत नाही अशा जुन्या ट्यूबलाइट आणि चोक आधारभूत धरले, तर बाजारात सर्रास मिळणारे एलईडी दिवेदेखील मोठी बचत म्हणून दाखवता येतात. तुलना सध्याच्या नेहमीच्या बांधकामाशी आणि चालू स्टार मानांकनाच्या उपकरणांशी करावी, अशी मागणी करावी.

सर्वांत जास्त वेळ भिंतींना द्यावा, कारण दिवा पुढे बदलता येतो, भिंत बदलता येत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची २०१८ ची इको निवास संहिता, म्हणजे निवासी इमारतींसाठीची ऊर्जा बचतीची नियमावली, यासाठी चांगला मापदंड आहे आणि अहवालात तिचा उल्लेख नसला तरी ती वापरावी. बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी प्रति चौरस मीटर १५ वॉटपेक्षा जास्त असू नये, असे ती सांगते. अनेक उंच इमारती आता अॅल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे बोलीभाषेत ‘मिव्हान’ पद्धतीने, सलग काँक्रीटच्या भिंतींच्या बांधल्या जातात. १५० मिलिमीटर जाडीच्या उघड्या काँक्रीट भिंतीचा उष्णतावहन गुणांक (तो जितका जास्त, तितकी जास्त उष्णता आत येते) सुमारे ३.८ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश येतो, तर २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीचा सुमारे ०.८ येतो. म्हणजे पहिल्या भिंतीतून जवळजवळ पावणेपाच पट उष्णता आत येते. अहवालातील गणित एएसी ब्लॉक धरून केले आहे आणि संरचनेच्या नकाशात मात्र बाहेरील भिंत काँक्रीटची आहे, अशी विसंगती सापडते का, हे अवश्य पाहावे. छताच्या याच गुणांकासाठी संहितेची मर्यादा १.२ आहे.

खिडक्यांच्या बाबतीत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणारे क्षेत्र सदनिकेच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावे, असे संहिता सांगते. ६० चौरस मीटरच्या सदनिकेला १० चौरस मीटर लागतील. खिडक्या आणि बाल्कनीचे दार मिळून १४ चौरस मीटर दाखवले असले, पण सगळी तावदाने दोन पल्ल्यांची आणि सरकती असली, तर एका वेळी निम्मा भागच उघडतो आणि हाती ७ चौरस मीटर उरतात. पश्चिमेकडील काचेवर ऊन अडवणारा छज्जा आहे का आणि वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे भाग अरुंद बंद डक्टमध्ये एकावर एक रचले आहेत का, हेही नकाशावरच दिसते. तशा डक्टमध्ये खालच्या यंत्राची गरम हवा वरच्याला मिळते.

सौर ऊर्जेचा दावा साध्या हिशेबाने तपासता येतो. समजा, ६०० चौरस मीटरच्या गच्चीपैकी टाक्या आणि लिफ्टची खोली वगळून निम्मी जागा मोकळी आहे. एका किलोवॉटला १० चौरस मीटर धरल्यास ३० किलोवॉट बसतील आणि किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिटप्रमाणे ४२,००० युनिट मिळतील. त्याच इमारतीतील १६० घरे महिन्याला प्रत्येकी २५० युनिट वापरत असतील, तर वर्षाची गरज ४,८०,००० युनिट होते, म्हणजे सौर वाटा नऊ टक्क्यांच्या आत राहतो. शेजारच्या टॉवरची सावली वेगळीच. उंच इमारतीत छतावरील पॅनेल भिंतींची चूक भरून काढू शकत नाहीत, ते यामुळे.

निवेदन राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीला प्रस्ताव बैठकीत येण्यापूर्वी पाठवावे आणि प्रत्येक मुद्द्यापुढे नकाशाचा क्रमांक व पान लिहावे. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. मंजुरीनंतर विकासकाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. बांधकाम चालू असताना त्यात भिंतीचे प्रत्यक्ष साहित्य आणि काचेचे प्रमाणपत्र जोडले आहे का ते पाहावे आणि ताबा मिळाल्यावर सामायिक मीटरची वर्षभराची बिले मूळ तक्त्यातील आकड्यांशेजारी मांडावीत.