इंग्रजी बोलीतल्या शब्दाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

इंग्रजीत दोस्ताला 'पॅल' म्हणतात. तो आपल्या 'भाऊ'च्या गोतातला आहे, हे खरंच. पण तिथवर पोचताना अनेकांचा पाय घसरतो.

पहिली चूक, 'संस्कृतातून आला' म्हणून मोकळं होणं. 'पॅल' इंग्रजीत आला तो इंग्लंडमधल्या रोमा लोकांच्या बोलीतून. १६८०च्या दशकापासून तो इंग्रजी लिखाणात दिसतो. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि जाताना भाषा सोबत घेऊन गेले. युरोपातल्या रोमानीत, म्हणजे रोमांच्या भाषेत, 'फ्राल' म्हणजे भाऊ. हा टप्पा गाळला की शब्दाचा प्रवास पुसला जातो, आणि ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला ती माणसंही. मला ही चूक सगळ्यांत जास्त खटकते.

दुसरी, नुसत्या कानावर विसंबणं. 'भ्राता' आणि 'फ्राल' एवढीच एक जोडी असती तर योगायोग म्हणता आला असता. पण रोमानीत 'भ'चा 'फ' नियमाने होतो (हा 'फ' आपल्या 'फळ'मधला): भगिनीची 'फेन', भूमीची 'फुव'. 'ध'चाही तसाच 'थ' होतो, धूर म्हणजे 'थुव'. दोन स्वरांमधल्या 'त'चा 'ल' होतो. अशी रांग लागत नसेल तर थांबा आणि पुन्हा तपासा. इंग्रजी 'बॅड' आणि 'बदनाम'मधला फारसी 'बद' घ्या. अर्थ तोच, उच्चारही जवळचा, नातं मात्र शून्य.

'ब्रदर' संस्कृतातून आला, असंही सर्रास ऐकू येतं. तसं नाही. 'ब्रदर' आणि 'भ्राता' ही त्याहून जुन्या, एकाच भाषेची लेकरं. त्यामुळे इंग्रजीत आज एकाच मुळाचे दोन शब्द नांदतात. 'ब्रदर' घरचाच, 'पॅल' भारतातून फिरून आलेला.

आणि आद्याक्षरांच्या गोष्टींपासून तर लांबच राहा. ब्रिटनमध्ये २००४च्या सुमारास 'चॅव' ही शिवी गाजली. सरकारी घरात राहणाऱ्या हिंसक माणसासाठीच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं, अशी कथा लगेच पसरली. ती मागाहून रचलेली आहे. अभ्यासक हा शब्द रोमानी 'छावो'शी, म्हणजे मुलगा या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. आणि हा 'छावो' आपल्या 'छावा'चा भाऊबंद आहे.