‘हूलिगन’ म्हणजे सरसकट गुंड नव्हे : हा शब्द वापरताना या चुका टाळा

मंडईच्या, म्हणजे आपल्या गावजत्रेच्या रात्री नाटक रंगात आलेलं असतं. मागच्या बाजूचे दहा-बारा पोट्टे उठतात, खुर्च्या फेकतात, मंडपावर दगड मारतात आणि अंधारात पसार होतात. इंग्रजीत हे हूलिगन. त्याच गावच्या नदीतून रात्री वाळूचे ट्रॅक्टर काढणारा आणि तलाठ्याला धमकावणारा माणूस मात्र हूलिगन नाही. आपल्याकडे दोघांनाही ‘गुंड’ म्हणून मोकळं होतात. इंग्रजी लिहिताना घोळ होतो तो इथंच.

हूलिगन म्हणायचं तर तीन गोष्टी बघायच्या. प्रकार चारचौघांत, उघड्यावर झालेला असतो. करणारे बहुतेक वेळा टोळक्यानं असतात. आणि मारहाण किंवा तोडफोड माज म्हणून, गंमत म्हणून केलेली असते, धंदा म्हणून नाही. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी मारहाण करणारा ‘गून’. टोळी बांधून बेकायदा कमाई करणारा ‘गँगस्टर’. माणसाला हात न लावता एसटीच्या काचा नाहीतर शाळेचे नळ फोडणारा ‘व्हँडल’. नुसता आरडाओरडा असेल तर ‘राउडी’ पुरेसा आहे. मराठीत हूलिगनच्या सर्वांत जवळ ‘हुल्लडबाज’ बसतो. उच्चार जुळतो म्हणून हूलिगन ‘हुल्लड’वरून आला असं सांगणारे भेटतात, त्यात तथ्य नाही. हा शब्द 1898च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांत, पोलीस कोर्टाच्या बातम्यांमधून पुढे आला. तो एका आयरिश आडनावावरून पडला असावा असं मानतात, पण मूळ पक्कं ठरलेलं नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक ‘ठग’ची. बोगस कपाशीचं बियाणं गळ्यात मारणाऱ्यानं आपल्याला ‘ठगवलं’ असं आपण म्हणतो, आणि इंग्रजी अर्जात त्याला ‘थग’ लिहून टाकतो. वाचणाऱ्याला वाटतं, दुकानदारानं मारहाण केली! इंग्रजी थग म्हणजे हिंसक, मारकुटा माणूस. फसवणाऱ्यासाठी ‘चीट’ किंवा ‘स्विंडलर’ लिहा. शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला, पण वाटेत अर्थाची वाटणी झाली. ठग वाटसरूंशी गोड बोलून त्यांच्यासोबत चालत आणि पुढे कापडानं गळा आवळून लुटत. 1830च्या दशकात जबलपूरकडे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली, 1836मध्ये खास कायदा झाला. मराठीनं त्यातली फसवणूक ठेवली, इंग्रजीनं हिंसा.

‘फुटबॉल हूलिगन’चं भाषांतर ‘गुंड फुटबॉलपटू’ असं केलेलं दिसतं. ते साफ चूक आहे, कारण हे खेळाडू नसतात, प्रेक्षक असतात. 1985मध्ये ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर अशाच प्रेक्षकांच्या धुमश्चक्रीत 39 जण मेले आणि इंग्लिश क्लबांवर युरोपातल्या स्पर्धांसाठी बंदी आली. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) दाणीवर, म्हणजे धावपट्टीवर घुसून हाणामारी करणाऱ्या बघ्यांना हूलिगन म्हणता येईल. हरल्यावर पंचांशी नुसती हुज्जत घालणाऱ्या धुरकऱ्याला (जोडी हाकणाऱ्याला) नाही.

‘गुंडा’ हा शब्द भारतीय इंग्रजीत आणि कायद्यातही आहे. विदर्भ तेव्हा ज्या प्रांतात होता, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1946चा गुंडा कायदाच होता. त्यात गुंडा म्हणजे कोण हे सांगताना हूलिगन, रफ (दांडगट), व्हॅगाबाँड (उनाड भटक्या) असे शब्द एकापुढे एक ठेवले होते. एवढ्यानं गुंडा नेमका ओळखायचा कसा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1960मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द ठरली. अर्थ सैल ठेवला की असं होतं. मग आपल्या अर्जाचं काय घेऊन बसलात.

व्याकरणात फार काही नाही, पण चुका ठरलेल्या. स्पेलिंग एच, डबल ओ, एल, आय, जी, ए, एन. डबल ओच्या जागी यू घालू नका. जोर पहिल्या ‘हू’वर, शेवट हलका. ‘हुलीगण’ म्हटलं की शिवगणांसारखं अनेकवचन वाटतं आणि मग ‘एस’ लावायचा राहून जातो. एक असेल तर ‘अ हूलिगन’ (‘अॅन’ नाही), जास्त असतील तर ‘हूलिगन्स’. ‘हूलिगनिझम’ला मात्र अनेकवचन नाही आणि आधी ‘अ’ही नाही. ‘हुल्लडबाजी केली’ याचं शब्दाला शब्द ‘डिड हूलिगनिझम’ करू नका. काय केलं ते क्रियापदात सांगा : ‘हूलिगन्स स्मॅश्ड द विंडोज ऑफ द बस’.

शाळेच्या शेऱ्यात वर्गात दंगा करणाऱ्या पोराला हूलिगन लिहिणं म्हणजे त्याच्यावर मारहाणीचा शिक्का मारणं. तिथं ‘मिस्चिव्हस’ किंवा ‘अनरूली’ लिहा. ‘राउडी’ही जपून, सिरोंच्याकडे पलीकडच्या तेलंगणाचा वारा लागलेला, तिथं राउडी म्हटलं की पोलिसांचं ‘राउडी शीट’, म्हणजे सराईत गुंडांची नोंद आठवते.

पोलिसांत तक्रार देताना हूलिगन, समाजकंटक, गुंड असल्या विशेषणांवर भिस्त ठेवू नका. भारतीय न्याय संहितेत हूलिगन नावाचा गुन्हा नाही. कलम लागतं ते कृत्याला. म्हणून आधी माणसं किती होती ते लिहा. समान उद्देशानं जमलेले पाच किंवा जास्त असतील तर बेकायदा जमावाचा (कलम 189) प्रश्न येतो, आणि त्या जमावानं बळ किंवा हिंसा वापरली तर दंग्याचा (कलम 191). ‘काही हुल्लडबाज’ असं मोघम लिहिलं की हा धागाच निसटतो. दोघंतिघं सार्वजनिक जागी आपसांत भिडले आणि शांतता बिघडली, तर कलम वेगळं, 194. तोडफोडीला 324, त्याचं इंग्रजी नाव ‘मिस्चिफ’ आहे म्हणून त्याला पोरांच्या खोड्या समजू नका. 1 जुलै 2024पासून ही संहिता लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या घटनेला जुन्या नमुन्यातली भारतीय दंड संहितेची 143, 147 ही कलमं उतरवू नका.

ओळखलेल्यांची नावं, न ओळखलेल्यांचा अंदाजे आकडा, वेळ, जागा, हातात काय होतं आणि कोणी पाहिलं, एवढं तक्रारीत आलं पाहिजे. नाव घेऊन कुणाला नुसतं ‘गुंड’ लिहून तो कागद व्हॉट्सअॅपवर फिरवलात, तर तोच उलट तुमच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद करू शकतो. नुकसान वस्तू आणि रकमेसह मांडा. खुर्च्या मंडपवाल्याच्या असतील तर त्याचं बिल तक्रारीला जोडा.